वक्ता अजून बोलतोय आणि पोस्ट पडलीसुद्धा!

फोंडेकरीण | रविवार, रात्री ९.४०

मंडळी, विषय जुनाच आहे. पण या आठवड्यात तो आमच्या अंगाशी आला, म्हणून धागा काढते.

फोंडा तालुक्यातल्या एका छोट्या व्याख्यानमालेच्या समितीत मी आहे. (नाव लिहीत नाही. ओळखतील त्यांनी कृपया गप्प बसावं.) शुक्रवारचं व्याख्यान कोमुनिदादींवर, म्हणजे गोव्यातल्या गावोगावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थांवर होतं. वक्ते अभ्यासू, जुन्या वळणाचे. आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही हात आखडता न घेता, आणि मग एकेक मुद्दा घेऊन त्याचं खंडन करायचं, ही त्यांची रीत. त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ ते कोमुनिदादी मोडीत काढा म्हणणाऱ्यांचीच बाजू मांडत होते. जमिनी राखता येत नाहीत, अतिक्रमणं वाढली, निम्मे गांवकार (म्हणजे कोमुनिदादीचे वंशपरंपरागत सभासद) परदेशी, हातात पडणाऱ्या जोणीत, म्हणजे उत्पन्नाच्या वार्षिक वाट्यात, धड चहापाणी होत नाही, मग हा डोलारा हवा कशाला? एवढं ताकदीने मांडलं की अर्ध्यावर उठून गेलेल्याला हे यांचंच मत वाटावं.

आणि नेमकं तेच झालं, फक्त उठून न जाता. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांनी फोटो काढला, वर वक्त्यांचं नाव आणि 'कोमुनिदादी मोडीत काढा!' एवढी ओळ घालून फेसबुकवर चढवला. उद्गारचिन्ह त्यांचं स्वतःचं. तिथून स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर. मी दाराशी होते. माझ्या फोनवर पहिला मेसेज आला, 'हें कितें चल्लां तुमगेर?', तेव्हा आत वक्ते नुकते खंडनाकडे वळत होते. थोड्या वेळाने दोघेजण स्कूटर लावून तावातावाने आत आले. शेवटचं सगळं त्यांनी ऐकलं, आणि ते त्या पोस्टच्या बरोबर उलट होतं. तरी हात वर करून प्रश्न विचारला तो पोस्टवरचाच!

प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ 'मी असं म्हणालो नाही' यात गेला. एक वयस्कर गांवकार घरातली जुनी पोर्तुगीज कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून वक्त्यांना दाखवायला आणले होते. ती पिशवी उघडलीच नाही.

पोस्ट टाकणारे गृहस्थ वाईट नाहीत. दर वर्षी येतात, देणगी देतात. शनिवारी त्यांनी पोस्ट काढून टाकली. स्क्रीनशॉट कोण काढणार?

आता समितीत दोन तट. एक म्हणतो, दाराशी फोन बंद करायला लावा. दुसरा म्हणतो, आपणच फेसबुक लाइव्ह करा, म्हणजे पूर्ण भाषण लोकांपुढे राहील, शिवाय त्याशिवाय तरुण मंडळी फिरकत नाहीत. मला दोन्ही पटत नाही. फोन काढून घेणं म्हणजे समोरच्याला पोर समजणं, आणि दीड तासाचा व्हिडिओ कोणी बघत नाही, त्याचेही तुकडेच फिरतात. माझं म्हणणं एवढंच की लिहिणाऱ्याने लिहावं, पण माणसाचं वाक्य पुरं होऊ द्यावं. हे नियमात कसं बसवायचं ते कळत नाही. तुमच्याकडे काय करतात?

दुधसागर_पॅसेंजर | रविवार, रात्री ९.५२

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा शंभरी गाठणार.

सुकें_बांगडो | रविवार, रात्री १०.१५

फोंडेकरीणताई, तुमच्या वक्त्यांवर अन्याय झाला हे मान्य. पण दुसरी बाजूही ऐका.

मी पेडणे तालुक्यातला. पणजीत कला अकादमीत किंवा पाटोवर संस्कृती भवनात चांगला कार्यक्रम असतो तो संध्याकाळी. संपतो रात्री. त्यानंतर आमच्या गावाकडे बस मिळेल याची खात्री कदंबवालाही देत नाही. स्वतःची गाडी नसलेल्या पोराने काय करायचं? कोसंबी विचार महोत्सव २००८ पासून चालू आहे आणि त्यातले कितीतरी वक्ते मला पहिल्यांदा कळले ते सभागृहात बसलेल्या कोणीतरी ओळीमागून ओळ टाकत राहिल्यामुळे. त्या ओळींवरून मग मी पुस्तकं शोधली. आपले इतिहासकार दामोदर कोसंबी आपल्याच कोसबेंचे, हेसुद्धा मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर उघडून बघा. कार्यक्रमाच्या बातमीत अर्धी जागा समईची आणि समईभोवती उभ्या असलेल्यांची. मग स्वागत कोणी केलं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले. वक्ता काय बोलला ते उरलेल्या तीन ओळींत, तेही 'मौलिक मार्गदर्शन केले' म्हणून. त्यापेक्षा तिसऱ्या रांगेतला माणूस परवडला. निदान तो ऐकत तरी होता.

काजूगर | रविवार, रात्री ११.०५

बांगडोबाब, समईचा मार बरोबर लागला. मी त्याच धंद्यात उभी हयात काढली, त्यामुळे हसूही आलं आणि लागलंही.

पण एक सांगतो. आमच्या वेळी सभेला गेलं की वहीत लिहायचं, सभा संपली की एसटीडी बूथ गाठायचा किंवा बसने कचेरीत यायचं. तिथे डेस्कवर एक उपसंपादक बसलेला असायचा, तोंडात सुपारी, आणि तो फक्त एक प्रश्न विचारायचा: 'बरं, मग पुढे काय म्हणाला?' या प्रश्नाने कित्येक खळबळजनक बातम्या जागच्या जागी मेल्या. वक्त्याचं वाक्य आणि छापील अक्षर यांच्यात तो डेस्क होता, आणि दोन-तीन तास होते. आता ऐकणारा, लिहिणारा आणि छापणारा एकच, आणि मध्ये वेळच नाही.

त्या काळात सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. आम्हीही वाक्यं मोडली. वक्त्याचा खुलासा चार दिवसांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात यायचा, तोवर वादाचा धुरळा खाली बसलेला असायचा. खुलाशाच्या बाबतीत आजची स्थिती उलट चांगली आहे. वक्ता त्याच पोस्टखाली येऊन उत्तर देऊ शकतो. फोंडेकरीण, तुमच्या वक्त्यांनी दिलं का?

अवांतर: १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांना भाषण सुरू करताच धरलं. तरी ती बातमी गोवाभर गेली. पोर्तुगीज राजवटीत छापण्याआधी मजकूर सेन्सॉरला दाखवावा लागायचा, त्यामुळे ती गेली तोंडातोंडी. गोंयकाराला लाइव्ह जायला फोन कधीच लागला नाही.

फोंडेकरीण | रविवार, रात्री ११.२०

काजूगरकाका, वक्त्यांचं फेसबुक खातंच नाही. त्यांना हे सगळं प्रश्नोत्तरांतच कळलं.

खारं_पाणी | सोमवार, सकाळी ८.३०

मी दोनापावलाजवळ संशोधनात आहे, म्हणून आमच्या परिषदांचं सांगतो. हा वाद आमच्याकडे पंधरा-सोळा वर्षं चालू आहे आणि त्यातून थोडीफार शिस्त तयार झाली आहे, ती तुम्हाला कामी येईल.

मुळात ट्विटर मोठं झालं तेच एका परिषदेत. २००७ साली ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्टमध्ये व्हरांड्यांत मोठे पडदे लावून त्यांवर ट्वीट दाखवली गेली, आणि तिथून ते चर्चेत आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी हॅशटॅगची कल्पना सुचवली. तेव्हा उदाहरण दिलं तेही एका मेळाव्याचंच, बारकॅम्पचं. म्हणजे हे हत्यार सभागृहासाठीच घडवलेलं आहे. आणि उपयोग खरोखर होतो. मोठ्या परिषदेत एकाच वेळी पाच-सहा दालनांत सत्रं चालतात. आपण एकात बसलेलो असताना शेजारच्या दालनात आपल्याच कामाचं काही निघालं तर ते हॅशटॅगवरून कळतं. उभं राहून माईक धरायला घाबरणारे विद्यार्थी तिथे प्रश्न विचारतात. खर्चापायी येऊ न शकलेल्यांना निदान वास तरी लागतो.

आता पथ्यं. पहिलं, अप्रकाशित काम. समजा एखाद्या मुलीने तीन पावसाळे मांडवीच्या मुखाशी पाण्याचे नमुने गोळा केले. आलेख पहिल्यांदा पोस्टरवर लावला. कोणीतरी सहज फोटो काढून टाकला. काम छापून यायच्या आत ते जगभर. २००९ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने यावरूनच नियम केला की परिषदेतून ब्लॉग लिहिणाऱ्यानेही पत्रकाराप्रमाणे आधी संबंधित वक्त्याची परवानगी घ्यावी. गॉर्डन परिषदा तर त्याहून कडक. तिथलं काहीच बाहेर न्यायचं नाही, फोटो नाही, ध्वनिमुद्रण नाही. लोक मोकळेपणी अर्धंकच्चं काम दाखवतात ते त्या भरवशावर. जिथे पेटंट घ्यायचं असेल तिथे तर आणखी जपावं लागतं. आपल्या कायद्यात विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाला बारा महिन्यांची सवलत आहे, युरोपात तशी मोकळीक नाही.

म्हणून हल्ली बरेच वक्ते स्लाइडच्या कोपऱ्यात कॅमेऱ्यावर काट मारलेलं छोटं चित्र टाकतात. त्या स्लाइडला फोन खाली. बाकीच्यांना मुभा. पूर्ण बंदीपेक्षा हे बरं चालतं, कारण निर्णय वक्त्याचा असतो आणि तो त्या क्षणी डोळ्यांसमोर असतो.

दुसरं, अर्धं वाक्य. जून २०१५ मध्ये सोलला जागतिक विज्ञान पत्रकार परिषदेत नोबेलविजेते टिम हंट जेवणाच्या वेळी प्रयोगशाळेतल्या 'मुलीं'विषयी जे बोलले ते एका उपस्थित पत्रकार-प्राध्यापिकेने ट्वीट केलं. काही दिवसांत त्यांना युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधलं मानद पद सोडावं लागलं. नंतर महिनोन् महिने वाद: तो विनोद होता का, पुढचं वाक्य काय होतं, हशा पिकला की सन्नाटा पसरला. गंमत म्हणजे खुद्द हंट यांनी माफी मागताना त्यातलं काही मला खरंच म्हणायचं होतं असंही सांगितलं. तेव्हा 'संदर्भ तोडला' ही तक्रार प्रत्येक वेळी वक्त्याला धुऊन काढत नाही, हेही ध्यानात ठेवा. शेदीडशे लोक हजर असून काय घडलं यावर एकमत नाही, कारण पूर्ण नोंद कोणाकडेच नव्हती.

सुकें_बांगडो | सोमवार, सकाळी ९.०२

म्हणजे लाइव्ह करायलाच हवं होतं. माझाच मुद्दा. :)

म्हापशाचो_शुक्रवार | सोमवार, दुपारी १.४५

कोर्टाची जेवणाची सुट्टी चालू आहे, तेवढ्यात लिहून टाकतो.

लाइव्ह करण्याआधी कायदा बघा. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये 'परफॉर्मर' कोण याची यादी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, गारुडी, आणि 'व्याख्यान देणारी व्यक्ती'. होय, गारुडी आणि व्याख्याता कायद्याच्या एकाच कलमात नांदतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर परफॉर्मरच्या परवानगीशिवाय त्याच्या सादरीकरणाचं मुद्रण आणि प्रसारण करता येत नाही. जाहीर भाषणाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे भाषण करणारा, सभागृहाचं भाडं भरणारी समिती नव्हे. त्यामुळे 'आम्ही बोलावलं, मानधन दिलं, व्हिडिओ आमचा' हे आपल्याकडचं गृहीत कच्चं आहे. दोन ओळींची लेखी संमती घ्या: मुद्रण करायचं का, कुठे टाकायचं, तुकडे करायचे का. तिसरा मुद्दा विसरू नका, भांडणं त्यावरूनच होतात.

उलट, ऐकून आपल्या शब्दांत लिहिणाऱ्याला कायद्याने मोकळीक दिलेली आहे. कलम ५२ मध्ये चालू घडामोडींचं वार्तांकन योग्य मर्यादेत करायला मुभा आहे, आणि त्यात जाहीर व्याख्यानाचं वार्तांकन हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे तिसऱ्या रांगेतले गृहस्थ लिहीत होते हा गुन्हा नाही. न म्हटलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी घालणं हा वेगळा विषय, त्यासाठी बदनामीचा कायदा आहे. पण व्याख्यानमालेने आपल्याच श्रोत्याला नोटीस पाठवली तर पुढच्या वर्षी खुर्च्या कोण मांडणार?

दुधसागर_पॅसेंजर | सोमवार, दुपारी १.५८

वकीलबाब, आमच्या पंचायतीतल्या एका वक्त्याला गारुड्याशेजारी बसवल्याबद्दल कायदेमंडळाचे आभार.

जॅमर लावला तर? भाड्याने मिळतो म्हणे.

म्हापशाचो_शुक्रवार | सोमवार, दुपारी २.०१

सरकारी परवानगीशिवाय जॅमर बाळगणंही बेकायदा. सभागृहात कोणाला छातीत दुखायला लागलं तर १०८ ला फोन कसा करणार? पुढे बोला.

सातेरी | सोमवार, संध्याकाळी ६.३०

मी गाणं ऐकणारी बाई, व्याख्यानांना क्वचित जाते. पण फोनचा त्रास काय असतो ते सुरश्री केसरबाई समारोहाला येऊन बघा. विलंबित ख्याल चालू आहे, दिवे मंद, आणि समोरच्या रांगेत एकाने फोन उंच धरलाय, पडद्याचा उजेड पूर्ण. मागच्या चार रांगांना गायिका दिसत नाही, दिसतो तो तिचा चार इंची फोटो. शिवाय लाइव्ह टाकणारा माणूस गाणं ऐकत नसतो, तो खाली किती अंगठे आले ते मोजत असतो. दाद द्यायची वेळ आली की याचे दोन्ही हात अडकलेले.

इफ्फीत, आपल्या चित्रपट महोत्सवात मात्र मी एकदाही पडद्यावर फोन रोखलेला पाहिला नाही. लगेच कोणीतरी येऊन खांद्यावर हात ठेवतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहात चोरून मुद्रण केल्यास तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड आहे. धाक असला की जमतं आपल्याला.

खारं_पाणी | सोमवार, संध्याकाळी ७.१०

सातेरीबाय, फोटोबद्दल एक भर. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांनी संग्रहालयात एक प्रयोग केला होता, २०१४ च्या सुमारास तो गाजला. ज्या वस्तूंचा लोकांनी फोटो काढला त्या त्यांना नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. पण ज्यांना वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं त्यांची आठवण शाबूत राहिली. व्याख्यानाला हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण माझा अनुभव त्याच्याशी जुळतो. प्रत्येक स्लाइडला फोन वर करणाऱ्याला घरी जाऊन काही सांगता येत नाही. एक मुद्दा निवडून चार ओळी लिहिणाऱ्याला येतं, कारण निवडायला आधी ऐकावं लागतं.

आडवाट | मंगळवार, सकाळी १०.२०

तुम्ही सगळे वक्त्याची काळजी करताय. श्रोत्यांची कोण करणार?

मी बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका गटाबरोबर असते. मागे एका तालुक्याच्या ठिकाणी कायद्याच्या माहितीचं शिबिर होतं. घरातल्या मारहाणीबद्दल बोलायला बायका आल्या होत्या. घरी सांगून आलेल्या, की भाजी आणायला जाते, बँकेत जाते. पाहुणे म्हणून आलेल्या एका कार्यकर्त्याने व्यासपीठावरून सेल्फी काढला, मागे सगळ्या बायका, आणि 'उत्स्फूर्त प्रतिसाद' म्हणून शिबिर चालू असतानाच टाकला, ठिकाणासकट. दुपारपर्यंत एकीचा नवरा दारात उभा. तो आत आला नाही, दंगा केला नाही, नुसता उभा राहिला. ती बाई परत कधी आमच्याकडे आली नाही.

त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली आहे. फोटो फक्त व्यासपीठाचा, तोही बोलणाऱ्याला विचारून. श्रोत्यांचा पाठमोरासुद्धा नाही, गावात साडीवरून आणि वेणीवरून माणूस ओळखतात. ठिकाण कार्यक्रम संपल्यावर टाकायचं. आणि बंद दाराआडच्या चर्चेला लंडनच्या चॅटम हाउस या अभ्यास संस्थेचा १९२७ पासूनचा नियम: जे ऐकलं ते बाहेर वापरा, पण कोण बोललं आणि कोण हजर होतं ते सांगू नका. इंग्रजी नाव सांगितलं की अधिकारी लोकही निमूट पाळतात, हाही एक फायदा.

काजूगर | मंगळवार, सकाळी ११.००

आडवाट, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. वार्ताहर म्हणून सांगतो, 'उपस्थितांची गर्दी' असा फोटो आम्ही डोळे झाकून छापत आलो.

पोडियमवरून | मंगळवार, रात्री ९.१५

मी वर्षभर इथे तिथे बोलत असतो, रवींद्र भवनापासून शाळांच्या पटांगणापर्यंत, म्हणून पलीकडच्या बाजूने चार शब्द.

समोर माना खाली दिसतात तेव्हा वाईट वाटत नाही. वहीत लिहिणाऱ्याचीही मान खालीच असते. पण वहीवाला मध्येच वर बघतो, त्याच्या चेहऱ्यावरून कळतं की मुद्दा पोचला की हरवला. फोनवाल्याच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते माझ्या वाक्याला आलं की कोणाच्या कमेंटला, हे मला कळत नाही. बोलणारा माणूस श्रोत्यांच्या चेहऱ्यावर गाडी हाकतो. तेच गेलं की मी वेग वाढवतो, पाठ केलेलं बोलू लागतो.

याचा कळस म्हणजे वक्त्याच्या मागे मोठ्या पडद्यावर येणाऱ्या प्रतिक्रिया दाखवणं. नोव्हेंबर २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या वेब २.० एक्स्पोमध्ये डॅना बॉइड बोलत होत्या. या बाई समाजमाध्यमांच्याच अभ्यासक, बरं का. मागच्या पडद्यावर ट्वीट वाहत होती. श्रोत्यांना ती दिसत होती, त्यांना नाही. मध्येच हशा पिकायचा आणि आपण काय विनोदी बोललो ते त्यांना कळेना. त्या घाईघाईने बोलत सुटल्या, त्यावर पडद्यावर आणखी शेरे. पुढे त्यांनी स्वतः हे सविस्तर लिहिलं. आपल्याकडे एका महाविद्यालयाने मध्यंतरी हाच प्रकार माझ्याबरोबर केला. मी गोव्यातल्या जुन्या नाट्यपरंपरेवर बोलत होतो आणि मागे पडद्यावर 'सर शर्ट मस्त', 'जेवण किती वाजता'. आयोजक खूश, सहभाग भरपूर म्हणून.

माझी मागणी लहान आहे. बोलण्याआधी मला सांगा की इथून लिहिलं जाणार आहे. मग मी माझा पूर्वपक्ष मांडताना दर दोन वाक्यांनी 'असं ते म्हणतात' ही खूण घालीन. फोंडेकरीण, तुमच्या वक्त्यांचं चुकलं असं नाही, पण आता बोलायची पद्धतही थोडी बदलावी लागणार. पूर्वी समोर बसलेला शेवटपर्यंत बसणार हे धरून भाषणाची बांधणी व्हायची. आता मधल्या कुठल्याही मिनिटाला कोणीतरी बाहेरचा माणूस खिडकीतून डोकावतो आहे.

सातेरी | मंगळवार, रात्री ९.४०

बाकी पटलं, शेवटचं नाही. बाहेरच्या डोकावणाऱ्यासाठी आत बसलेल्यांनी तेच ते का ऐकायचं? उद्या गवयाने दर आवर्तनाला रागाचं नाव सांगायचं का?

पोडियमवरून | मंगळवार, रात्री ९.५१

हा हा. नाही. पण गवयावर कोणी एफआयआर करा म्हणून पोस्ट टाकत नाही.

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे आभार. काल समितीची बैठक झाली. मिरची भजी आणि बराच आरडाओरडा. तुमचे प्रतिसाद छापून नेले होते. (खजिनदारांनी छपाईचा खर्च विचारला.) फोनबंदीचा प्रस्ताव पडला. पूर्ण लाइव्हचाही पडला, वकीलबाबांचा गारुडी वाचून दाखवल्यावर. जे ठरलं ते देते.

सूत्रसंचालकाने सुरुवातीला वाचायचा मजकूर: 'या व्याख्यानाबद्दल जरूर लिहा. वक्त्यांचं मत आणि वक्त्यांनी सांगितलेलं दुसऱ्याचं मत यांत गल्लत होऊ देऊ नका. श्रोत्यांचे फोटो काढू नका. वक्ते ज्या स्लाइडला नको म्हणतील तिचा फोटो नको. फोनचा उजेड कमी ठेवा. मागच्या दोन रांगा लिहिणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या आहेत.'

ध्वनिमुद्रण आम्ही करणार, वक्त्यांच्या लेखी संमतीने, आणि कापाकापी न करता दुसऱ्या दिवशी टाकणार, म्हणजे कोणी काही म्हणालं तर दाखवायला नोंद राहील. शिवाय समितीतर्फे एक माणूस कार्यक्रम चालू असताना आमच्या पानावर लिहीत राहील. तोच काजूगरकाकांचा डेस्क समजा. 'पुढे काय म्हणाला' हे स्वतःला विचारल्याशिवाय त्याने ओळ सोडायची नाही. आणि वक्त्यांविषयी बाहेर भलतंसलतं फिरायला लागलं तर त्याने चिठ्ठी थेट अध्यक्षांकडे द्यायची, प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आधी.

त्या गांवकारांच्या घरी वक्ते स्वतः जाऊन आले. पिशवीत काय निघालं ते वेगळ्या धाग्यात लिहीन, त्यांची परवानगी मिळाल्यावर.

सुकें_बांगडो | गुरुवार, रात्री १०.४४

मजकूर चांगला आहे. पण मागच्या रांगेचं मान्य नाही. लिहिणाऱ्याला पुढे बसवा, मागे आवाज घुमतो आणि मग चुकीचं ऐकून चुकीचं लिहिलं जातं. तुमच्या सभागृहात पंख्यांचा आवाज किती आहे ते मी ऐकून आहे.

सातेरी | गुरुवार, रात्री १०.५०

पुढे नको! उजेड!!

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री १०.५८

बाजूची खुर्ची, भिंतीकडे तोंड करून? बांगडोबाब, एवढं कळतंय तर तुम्हीच या ना लिहायला. आमच्या समितीत टायपिंगचा वेग असलेला एकही माणूस नाही. परतीची गाडी आमच्याकडून.

सुकें_बांगडो | गुरुवार, रात्री ११.०३

येतो. मानधन नको, चार्जिंग पॉइंटजवळची जागा द्या.

फोंडेकरीण | गुरुवार, रात्री ११.०६

पॉइंट एकच आहे आणि तो माईकवाल्याचा. एक्स्टेंशन बोर्ड आणते घरून.